सईच्या टीमचे न झालेले गोल

फोन आला तेव्हा मी इथे इंग्लंडात, मेडनहेडच्या ऑफिसमध्ये होते. दादाच्या ऑफिसातली एक बाई विचारत होती, मी सुधीरची बहीण का म्हणून. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? ‘आता काय करून ठेवलं याने?’ सांगायला लाज वाटते, पण तेच आलं. जेवणाच्या सुट्टीत खुर्चीतच कोसळला, ॲम्ब्युलन्स लगेच आली, पण उपयोग झाला नाही... ती बिचारी जपून, हळू आवाजात सांगत होती आणि मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडतच होते. कारण आमचं भांडण मिटलंच नव्हतं. दोन महिने मी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचा फोन उचलला नव्हता. मध्ये दिवाळी येऊन गेली. इथे भाऊबीज आम्ही सोयीने जवळच्या शनिवारी करतो. ‘वसू, शनिवारी किती वाजता येऊ?’ असा त्याचा मेसेज आन्सरिंग मशीनवर होता. मी तो ऐकला आणि पुसून टाकला. आणि हे एवढं भांडण कशावरून, तर फुटबॉलवरून!

दादा वाय-टू-केच्या कामासाठी पुण्याहून रीडिंगला आला आणि इथलाच झाला. सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या का झाल्या ते लिहून काढायचं. त्याच्यासाठी याहून योग्य नोकरी जगात नव्हती, कारण हा माणूस लहानपणापासून हेच करत होता. माझी पोळी फुगली नाही तर तो तीन कारणं सांगणार. ट्रेन चुकली तर पाच. ‘अरे, मला कारण नकोय, पोळी खा गपचूप,’ असं मी किती वेळा ओरडले असेन! ऐकेल तर शपथ. लग्न का केलं नाहीस, असं विचारलं की मात्र म्हणायचा, ‘डेटा अपुरा आहे.’ आमची आई कपाळाला हात लावायची.

माझी सई सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावीला, रीडिंगच्या कॉलेजात गेली आणि मुलींच्या फुटबॉल टीममध्ये फॉरवर्ड म्हणून खेळायला लागली. मॅचेस बुधवारी दुपारी. दादाचा फ्लॅट ग्राउंडपासून दहा मिनिटांवर, त्यामुळे तो दर बुधवारी ऑफिसातून सटकून हजर. मीही बुधवारी अर्धा दिवस सुट्टी घ्यायला लागले. एकुलती एक मुलगी खेळते आहे आणि आई ऑफिसात बसून राहील का? मी उभी राहायचे ती समोरच्या टीमच्या गोलच्या मागे, जिथे सई गोल मारणार तिथे. हाफटाइमला बाजू बदलल्या की मीही पिशवी उचलून पलीकडच्या गोलमागे. ‘सई, मार! पास नको देऊस, मार! अगं बघतेस काय?’ माझा आवाज पहिल्यापासून खणखणीत. शाळेत प्रार्थना सांगायला मलाच पुढे उभं करायचे.

आणि गोल काही होत नव्हते. अख्ख्या सीझनमध्ये सईचे दोन. बाकीच्या पोरींचं तर विचारूच नका. डिफेन्स उत्तम, मिडफिल्ड पळून पळून लाल, आणि चेंडू गोलसमोरच्या बॉक्सपर्यंत पोचला की सगळं थंड. सई थांबायची. कीपर समोर, गोल उघडा, आणि ही बाई चेंडू मागे वळवून दुसरीला देणार! माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. दादाला मात्र आयतं काम मिळालं. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात वही. आधी म्हणाला, गवत ओलं आहे. मग म्हणाला, बूट एक नंबर मोठे आहेत. मग सकाळच्या दूध-सीरिअलच्या नाश्त्यावर घसरला, तिला उपमा दे म्हणाला. मी म्हटलं, ‘तू पहाटे येऊन कर उपमा.’ त्यात मध्येमध्ये त्याला चहा हवा असायचा. नेमकी सईकडे चेंडू येण्याची वेळ झाली की याचा घसा कोरडा. ‘वसू, जा ना, क्लबहाउसच्या खिडकीत मिळतो, दोन आण.’ आता मोठा भाऊ, नाही कसं म्हणणार? सईचे ते दोन गोल झाले तेव्हा दोन्ही वेळा मी चहाच्या रांगेत होते. दोन्ही वेळा! मी गरम चहाचे कप घेऊन धावत येतेय आणि इकडे पोरी सईला मिठ्या मारतायत. त्या दिवशी मी दादाशी ट्रेन येईपर्यंत बोलले नाही.

सीझन संपल्यावर त्याने कोच मिस पार्करना सहा पानांचा रिपोर्ट पाठवला. होय, सहा पानं. मिस पार्कर मला भेटल्या तेव्हा हसून म्हणाल्या, ‘युअर ब्रदर इज व्हेरी थरो.’ इंग्लिश माणूस हसून ‘फार कसून काम करतो’ म्हणाला की मनात ‘काय कटकट!’ असतं, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. मला वाटलं, बाई तो कागद रद्दीत टाकतील. पण सप्टेंबरमध्ये नवा सीझन सुरू झाला आणि सई राइट बॅकला! डिफेन्समध्ये! माझी मुलगी, जिच्या पायात टीमचा सगळ्यात जोरदार शॉट, ती स्वतःच्या गोलसमोर राखण करत उभी. मी मिस पार्करना गाठलं, तर त्या म्हणाल्या, तुमच्या भावानेच सुचवलं होतं.

संध्याकाळी मी दादाला फोन केला. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एक वाक्य मात्र लिहायलाच हवं, कारण ते मी त्याच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ठरलं. ‘तुला स्वतःचं मूल असतं ना, तर कळलं असतं तुला,’ असं मी म्हणाले. मग तो म्हणाला, ‘बरोबर आहे तुझं, वसू.’ बस्स. कारण नाही, मुद्दे नाहीत, काही नाही. मी फोन आपटला. पुढचे दोन महिने तो फोन करत राहिला आणि मी उचलला नाही. आपणच जिंकलो, असं मला वाटत होतं.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मी आणि सई त्याचा फ्लॅट आवरायला गेलो. सगळ्या फायली लेबल लावून ओळीत. बॉयलर, कौन्सिल टॅक्स, दातांचा डॉक्टर. माझी बडबड चालूच होती, एवढे कागद कशाला ठेवायचे माणसाने! आणि तेवढ्यात एक फाइल निघाली: ‘सईची टीम – गोल का होत नाहीत’. मी ती रागाच्या भरातच उघडली. वर मिस पार्करना पाठवलेल्या रिपोर्टची प्रत होती. त्याच्याखाली त्याच्या हातचा एक तक्ता, न पाठवलेला. तीन रकाने. चेंडू बॉक्समध्ये कधी आला, वसू कुठे होती, सईने काय केलं. वसू गोलमागे, ओरडते आहे – सई थांबली. वसू गोलमागे – सईने पास दिला. वसू गोलमागे – सईने आईकडे बघितलं, चेंडू गेला. पानभर हेच. मधेच दोन ओळी: वसू चहाला – गोल. वसू चहाला – गोल. सगळ्यात खाली ‘निष्कर्ष’ असं लिहून अधोरेखित केलं होतं आणि पुढची जागा कोरी होती.

मी सईकडे बघितलं. ती खिडकीपाशी उभी होती, डोळे भरलेले.

‘मामाला मी सांगितला होता,’ ती म्हणाली. सईचं मराठी इथलंच आहे. ‘मी बोलली, मला फॉरवर्ड नको. आई गोलच्या मागे असते, मग माझे पाय स्टक होतात. डिफेन्समध्ये तुझा आवाज एवढा येत नाही, मम्. तू दुसऱ्या साइडला असतेस.’

‘मग मला का नाही सांगितलंस?’

‘मामा बोलला, आईला सांगू नको, तिला हर्ट होईल. तो बोलला, मी माझ्यावर घेतो, ती मला ओरडेल आणि विसरेल. त्याने प्रॉमिस घेतला माझ्याकडून.’

विसरेल म्हणे! मी त्याच्या पलंगावर बसले आणि मला रडू आलं, पण रडण्याहून जास्त आला तो संताप. अरे शहाण्या, जगाला सहा-सहा पानं लिहून देतोस आणि सख्ख्या बहिणीला एक वाक्य सांगता येत नाही? ‘वसू, तुझ्यामुळे.’ संपलं! चिडले असते, आठवडाभर अबोला धरला असता, मग तुलाच फोन करून तुझं डोकं खाल्लं असतं. आयुष्यभर मला माझ्या चुका सांगितल्यास, पोळीच्या, पार्किंगच्या, इंग्लिश स्पेलिंगच्या. आणि जी एक चूक मला कळायलाच हवी होती, ती तू स्वतःच्या नावावर घेऊन बसलास. वर मी तुला ते वाक्य ऐकवलं. आणि तू म्हणालास, बरोबर आहे तुझं. काय बरोबर होतं रे त्यात? सईला काय होतंय हे तुला कळलं होतं. मला नाही कळलं, मी आई असून.

मागच्या बुधवारी सईने स्वतः जाऊन मिस पार्करना सांगितलं की तिला परत पुढे खेळायचंय. मला म्हणाली, ‘ये तू. पण बोलायचा नाही.’ मी गेले. गोलमागे नाही, मधल्या रेषेपाशी, लांब उभी राहिले. हात कोटाच्या खिशात, ओठ घट्ट मिटलेले. दुसऱ्या हाफमध्ये सई चेंडू घेऊन एकटी सुटली. समोर फक्त कीपर. मी जीभ दातांखाली धरली होती. ती थांबली नाही, कुणाकडे बघितलं नाही, सरळ मारला... आणि चेंडू गोलपोस्टच्या हातभर बाहेरून गेला.

‘बघ!’ मी तावातावाने शेजारी वळून म्हणाले, ‘एक शब्द बोलले नाही मी! आता सांग, का नाही झाला?’

शेजारी कुत्र्याला घेऊन उभे असलेले एक इंग्लिश गृहस्थ दचकले. ‘सॉरी, लव्ह?’ इथल्या रीतीने म्हणाले. मी म्हटलं, काही नाही. ते मान डोलावून पुन्हा मॅच बघायला लागले आणि मी मात्र तशीच वळून उभी राहिले, दादाच्या कारणांची वाट बघत.