डाव्या बाजूची चाकं

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी फोनवर ताईचा निरोप आला, भाऊजी गेले. खरं सांगतो, मला रडू आलं नाही. पहिला विचार मनात आला तो असा, की चला, आता तो ट्रकचा किस्सा पुन्हा ऐकावा लागणार नाही. पण पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तोही ऐकावा लागला. एकेक जण उठून बोलत होता... स्वावलंबी माणूस, हिकमती माणूस, उभ्या जन्मात कुणाला काही विचारलं नाही. हे शेवटचं मात्र शंभर टक्के खरं. कोपरखैरण्यात एखादं घर शोधायचं असलं, तर भाऊजी तासभर भलत्याच सेक्टरमध्ये फिरतील, पण कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारणार नाहीत. लोक याला स्वावलंबन म्हणतात. मी ताईच्या माघारी याला दुसरा शब्द वापरत आलो आणि तो इथे छापता येणार नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तुर्भ्याच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. पण त्यांच्या बोलण्यावरून वाटे, अख्खा कारखाना हेच चालवतात. घरात काही बिघडलं की मेकॅनिक बोलवायला बंदी. त्यांनी दुरुस्त केलेला पंखा वारा वर फेकायचा. इस्त्री त्यांच्या हाताखालून गेल्यापासून ताई पायात रबरी चप्पल घातल्याशिवाय तिला हात लावत नसे. मी बँकेत कारकून, तेव्हा मला ते ‘पेनवाले साहेब’ म्हणायचे, तेही चारचौघांत. मी हसून घ्यायचो आणि घरी येऊन बाबांसमोर त्यांची नक्कल करायचो. बाबा म्हणायचे, जावई आहेत, असं बोलू नये.

कंपनी बंद पडली, तेव्हा भाऊजींनी एक जुना ट्रक घेतला. आता हे कळंबोलीच्या लोखंड बाजारातला माल पुण्याला नेणार होते. ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आई नुकतीच गेली होती आणि बाबा माझ्यासोबत शिरवण्याच्या एका खोलीत राहत होते. ताईचा एकच ध्यास होता, बाबांनी कायमचं तिच्याकडे यावं. बाबा तयार नव्हते, जावयाच्या घरी राहणं त्यांना पटत नव्हतं. शेवटी एवढ्यावर आले, की आठ दिवस राहून बघतो, जमलं तर ट्रंक आणतो. ताईने त्यांच्यासाठी खिडकीजवळ कॉट लावली. त्या आठ दिवसांतल्या रविवारी मीही तिकडे जेवायला गेलो होतो. आणि नेमकं त्याच रविवारी भाऊजींनी घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर ट्रकचे ब्रेक लायनर स्वतः बदलायला काढले.

उजवीकडची मागची चाकं अर्ध्या तासात निघाली. मग काय विचारता. बैठ्या घरांच्या त्या ओळीतले सगळे पुरुष जमले आणि भाऊजींचं व्याख्यान सुरू झालं. मग ते डाव्या बाजूला गेले आणि तिथे एकही नट हलेना. पान्याच्या दांड्याला लोखंडी पाइप लावला, नट हलेना. घासलेट ओतलं, अर्धा तास वाट पाहिली, स्टोव्ह पेटवून नट तापवले... हलेनात. खाडीची हवा, गंज चढलाय, असं निदान झालं. आमचे बाबा एसटीच्या डेपोत तीसेक वर्षं फिटर होते, याच कामात म्हातारे झालेले. ते एकदा हळूच जवळ जाऊन वाकून पाहू लागले, तर भाऊजी म्हणाले, “बाबा, टेन्शन घेऊ नका, तुम्ही आत बसा. एसटीचं वेगळं, ट्रकचं वेगळं.” बाबा परत आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “डाव्या अंगाच्या नटांचे आटे उलटे असतात. ते सोडवत नाहीत, आवळतायत. मी जावयाला चारचौघांत शिकवणं बरं दिसत नाही. तू जा, तुलाच सुचलं असं सांग.”

मी गेलो. पाण्याचा तांब्या घेऊन गेलो. भाऊजी घामाने निथळत होते. मला बघून म्हणाले, “काय साहेब, पेन आणलंय का? हो बाजूला, शर्ट खराब होईल.” सगळे हसले. मी तांब्या खाली ठेवला आणि बाजूला झालो. नंतर कट्ट्यावर बसून मी तो सगळा तमाशा पाहिला. छप्पन्न इंची तोऱ्याचा माणूस पाइपवर उभा राहून उड्या मारत होता आणि प्रत्येक उडीनं नट आणखी घट्ट करत होता. मला फार मजा वाटली, अजून आठवली की वाटते. दुपारी एक बोल्ट मोडला, त्यांचा तळहात फाटला, ताई हळद घेऊन धावली. तरी मी गप्पच होतो.

संध्याकाळी बाबांनी मला विचारलं, “सांगितलंस ना?”

मी म्हणालो, “सांगितलं. तुमचंच आहे हे त्यांनी ओळखलं. म्हणाले, म्हाताऱ्याला काय कळतं.”

बाबा उठले. पिशवी भरली, ताईला म्हणाले, गुडघे फार दुखतात, शिरवण्यालाच बरा मी. ताई बस स्टॉपपर्यंत आली, आठ दिवस तरी पुरे करा म्हणून विनवत होती. दुसऱ्या दिवशी तुर्भ्याच्या मेकॅनिकने पाना उलटा फिरवून राहिलेले नट पंधरा मिनिटांत काढले. भाऊजींनी त्याचं श्रेय स्वतःच्या उड्यांना दिलं. हाच तो किस्सा.

बाबा त्या घरात पुन्हा कधी गेले नाहीत. दर दिवाळीला भाऊजी स्वतः शिरवण्याला यायचे, दारात उभे राहून म्हणायचे, “बाबा, चला ना.” बाबा गुडघ्यांवर हात फिरवायचे. गुडघ्यांचं कारण या शहाण्याने खरं धरलं आणि एक उंच बैठकीची वेताची खुर्ची घेऊन आला, म्हाताऱ्या माणसाला उठायला-बसायला सोपी पडावी म्हणून. आपल्याच घरी खिडकीजवळ ठेवली. मुलं बसली की ओरडायचे. बाबा गेल्यावरही ती कुणाला दिली नाही. मी त्या खुर्चीवरूनही त्यांची टर उडवलेली आहे.

हॉस्पिटलात मी शेवटचा भेटलो, तेव्हा ताई औषधं आणायला खाली गेली होती. आयुष्यात कुणाला काही न विचारलेल्या या माणसाने मला विचारलं, “बाबा का रे कधी आले नाहीत? माझं काय चुकलं?” मी म्हणालो, “गुडघे होते ना, भाऊजी.” ते म्हणाले, “हां... गुडघे.” आणि डोळे मिटून पडून राहिले. मला तेवढ्यात सांगता आलं असतं. ताईला जिना चढून यायला चांगली पाच मिनिटं लागली.

कार्यक्रम झाल्यावर पाहुणे पांगले. ताईने ती खुर्ची पुसली आणि मला म्हणाली, “बस. ते म्हणायचे, बाबांच्या मागे यावर तुझाच हक्क.” मला काही बसवेना. मी जमिनीवरच बसलो. तिला वाटलं, मला रडू येतंय. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हाही माझी जीभ वळली नाही. ताई रविवारची पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, म्हणून इथे लिहितो. ताई, बाबांचे गुडघे दुखत नव्हते. त्यांचा निरोप मी भाऊजींना दिलाच नव्हता. आणि म्हाताऱ्याला काय कळतं, असं भाऊजी कधी म्हणाले नाहीत. ते मी म्हणालो होतो.