मेस्त्रीमामांचा खिळा

मेस्त्रीमामा ओरडायला लागले की पावणे औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यातल्या लेथ मशीनसुद्धा मवाळ वाटायच्या. गाळ्यातल्या कामावर देखरेख त्यांचीच. मूळचे मालवणकडचे, अंगाने किडकिडीत, भर मे महिन्यातही गळ्यात मफलर. आवाज मात्र असा की तुर्भ्याच्या ट्रकवाल्यांनी वाट सोडावी.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आयटीआय करून मी तिथे टर्नर म्हणून, म्हणजे लेथ चालवायला, गेले. मुलगी अशी मी पहिलीच. शेटना मला पॅकिंगला बसवायचं होतं, पण मामा म्हणाले, "मशिनीक काय कळता, हात बायलेचो काय बापयाचो?" बाईचा हात काय नि पुरुषाचा काय, मशीनला सारखाच, असं ठरवून त्यांनी मला रांगेतली शेवटची मशीन दिली.

पोरं मला 'मॅडम' म्हणायची. जड सामान उचलू द्यायची नाहीत, डबा खाताना एकदम गप्प व्हायची. सगळं अगदी पाहुणीसारखं. आणि पाहुणीला कुणी कायम ठेवून घेत नाही, ही धास्ती मला रोज असायची.

मामांचा एक नियम होता. कुणी माल बिघडवला की तो तुकडा खडूने नाव घालून दाराजवळच्या खिळ्याला आठवडाभर टांगायचा, आणि वर सगळ्यांदेखत त्याचा उद्धार करायचा. तिसऱ्या महिन्यात माझ्या हातून पितळेचं एक जाड कडं जास्त कापलं गेलं. मामांनी ते पाहिलं, गुपचूप खिशात टाकलं आणि काही न बोलता निघून गेले.

खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण असा संताप आला, की मी तडक त्यांच्या टेबलापाशी गेले.

"मामा, माझा तुकडा टांगा."

"तुका वाईट वाटात, बाय."

"पोरांना वाटत नाही?"

मामांनी खिशात हात घातला. कडं काढलं, त्यावर मोठ्या अक्षरांत 'शिंदे' लिहिलं, खिळ्याला अडकवलं आणि असे काही तापले की शेट केबिनमधून बाहेर आले. माझे डोळे भरले, पण मी जागची हलले नाही. दुपारी शेजारच्या मशीनवरचा गणेश म्हणाला, "ए शिंदे, लोणचं आणलंय काय?" त्या गाळ्यात इतक्या आपुलकीने मला कुणी हाक मारली नव्हती.

काही वर्षांनी मामा काम सोडून गावी निघाले आणि देखरेख माझ्याकडे आली. मी पाया पडले तेव्हा हळूच म्हणाले, "सगळ्यांवर सारख्याच वरड. नवी पोरगी इली, तर तिकापण सोडू नको."

वर्षभरात तशी एक आली. तिला पहिल्यांदा झापताना माझाच आवाज कापत होता, पण सोडलं नाही.