तापली की पिठल्याचा वास

बॉनेट उघडलं आणि मला भूक लागली. वाफेचा लोट तोंडावर आला, मी मागं सरलो, आणि इंजिनाचा विचार करायचा सोडून डोक्यात पिठलं-भाकरी आली. ही तिसरी खेप. गाडी तापायची, मी बॉनेट उघडायचो, आणि घरून पोटभर खाऊन आलेलो असलो तरी पोटात कावळे ओरडायला लागायचे. शुगर तपासून घ्यावी, असं मी ठरवूनही टाकलं होतं.

समोर गाडीचा मालक संदीप उभा. केजात त्याचं मोबाईलचं दुकान आहे.

"मिस्त्री, खरं सांगा. इंजिन गेलं का?"

"गेलं की सांगीन. आत्ताच रडू नको."

"गाडीचं जाऊ द्या ओ. माजं लग्न मोडतंय."

माझं गॅरेज बसस्टँडच्या मागं आहे. कामं सगळी जीप आणि पिकअपची. पण उमेदीच्या काळात पुण्यात एका वर्कशॉपला होतो, तिथं शौकीन लोकांच्या गाड्या उघडल्यात. म्हणून ही माझ्या गळ्यात पडली. जुनी जपानी स्पोर्ट्स कार, लालभडक, दोन दरवाजे, दोनच सीट. जमिनीपासून इतकी खाली की आमच्याकडचा एकही स्पीडब्रेकर तिला न घासता जाऊ देत नाही. संदीपनं ती हौसेनं पुण्याहून सेकंडहँड आणली. तालुक्यात अशी दुसरी नाही, आणि माझ्या मते एक पुष्कळ झाली.

मुलगी बघायला तो आष्टीला याच गाडीतून गेला. मुलीचं नाव अश्विनी. त्याला ती आवडली, तिला तो. पण गाडी नेमकी तिच्या दारात उकळली. मुलीचे वडील तात्या. त्यांचा शेळ्यामेंढ्यांचा मोठा कळप आहे, आणि लांबून चाल बघून जनावराचं दुखणं सांगणारा हा माणूस. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"दाताला जुनी हाय," जनावराचं वय सांगावं तसं म्हणाले. "जुनी असू द्या. पण आपलं जनावर कशानं धापा टाकतंय हे ज्याला कळत न्हाई, त्याच्या घरी पोरगी कशी द्यावी? हीच गाडी न उकळता दारात आणा. मग सुपारी फोडू."

सुपारी फोडली म्हणजे लग्न ठरलं. ती फोडायचा मुहूर्त रविवारचा होता, आणि तो आता माझ्या पान्यावर अडकला होता.

गाडी तापते म्हणजे काय ते सांगतो. इंजिनाची उष्णता पाणी उचलतं. वॉटर पंप ते पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये ढकलतो. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची जाळी. तिथं वाऱ्यानं पाणी निवतं आणि परत इंजिनात जातं. मध्ये थर्मोस्टॅट असतो. ते एक दार समजा, पाणी तापल्यावरच उघडणारं. यातलं काहीही बिघडलं की काटा लालमध्ये जातो.

पहिल्या खेपेला मी थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्यात टाकला. उघडेना. सापडला चोर म्हणून नवा बसवला. मांजरसुंब्यापर्यंत ट्रायल मारली, काटा मधोमध. गाडी घरी गेली आणि दोन दिवसांत पुन्हा उकळली. दुसऱ्या खेपेला पंखा उशिरा चालू होताना दिसला, त्याचा स्विच बदलला. पुन्हा ट्रायल, पुन्हा ठीक, पुन्हा घरी, पुन्हा वाफ. माझ्याकडं बरी, सासरी आजारी, असा प्रकार चालला होता.

या वेळी मला हेड गॅस्केटची भीती होती. इंजिनाच्या दोन भागांमधली ती पातळ चकती. ती फाटली की इंजिन खोलावं लागतं, आणि रविवारच्या आत ते होणार नव्हतं. गाडी निवल्यावर टोपण काढून इंजिन चालू केलं आणि पाण्यात बुडबुडे येतात का बघितलं. आले नाहीत. रेडिएटरवर हात फिरवला. वरून चटका बसत होता, खालचा अर्धा भाग थंडगार. म्हणजे पाणी खाली उतरतच नव्हतं. नळ्या चोंदल्या होत्या. पण कशानं?

तेवढ्यात शेजारचा चहावाला चहा घेऊन आला. नाक वर करून म्हणाला, "मिस्त्री, वहिनीनं डब्यात पिठलं दिलंय जणू. लई वास सुटलाय."

मी ग्लास खाली ठेवला. म्हणजे भूक माझी एकट्याची नव्हती.

रेडिएटरचं पाणी सोडलं. पिवळं. हे पिवळं पाणी मी पहिल्या खेपेलाच बघितलं होतं. पुण्याच्या मालकानं फॉरेनचा भारी कूलंट टाकला असणार, अशी माझी समजूत. वाया जाऊ नये म्हणून मी ते स्वच्छ डब्यात धरून परत आत ओतलं होतं, आणि वर संदीपला त्याचं कौतुक ऐकवलं होतं. आता खालून पिवळा गाळ निघाला. बोटावर घेऊन हुंगला. फोडणी तेवढी नव्हती.

"संदीप, ही हळद हाय बे. गाडीला कोण हात लावतं?"

"मी. आन अण्णा."

अण्णा म्हणजे त्याचे वडील. केज-अंबाजोगाई काळीपिवळी जीप चालवतात, माझ्या मिशा फुटायच्या आधीपासून. बोलावून घेतलं.

"अण्णा, रेडिएटरमधी हळद टाकता का?"

"टाकतो की."

"कावून?"

"सकाळी अंगणात गाडीखाली ओल दिसायची. दिसली की चमचाभर टाकायची. माज्या जीपला जलमभर टाकतोय. कवा रेडिएटर घिऊन आलो का तुज्याकडं?"

नव्हते आले.

"आन मला सांगितलं न्हाई ते?"

"तू इचारलं का?"

ही हळद जुन्या ड्रायव्हर लोकांचं औषध. बारीक भोकात ती फुगून बसते आणि गळती थांबते. जीपच्या नळ्या रुंद, तिला पचते. या गाडीच्या नळ्या शेवयांसारख्या. मी गाडी बरी करून पाठवायचो आणि अण्णा प्रेमानं तिला पुन्हा आजारी करायचे. मूळ गळती खालच्या होजपाइपची होती, एवढीशी चीर. पाइप बदलला. रेडिएटर बीडला नेऊन साफ करून आणला. साफ करणाऱ्यानंही विचारलं, कुणाच्या लग्नातला आहे.

रविवारी स्पोर्ट्स कारमध्ये संदीप आणि मी. मागं जीपमध्ये अण्णा, पाहुणे, साडी, साखर. मी जायचं कारण एकच, अण्णांवर नजर ठेवणं.

मांजरसुंब्याला चहाला थांबलो. अण्णा हातात पाण्याची बाटली घेऊन उतरले आणि खिशातून कागदाची पुडी काढली. मी झडप घातली.

"अरं, जीपसाठी हाय ती."

"माजा भरवसा न्हाई तुमच्यावर."

"सकाळी घाईत टाकायची राह्यली रं."

"बसा गाडीत."

पुडी मी माझ्या खिशात घातली. मला फार हुशारी वाटली.

आष्टीला तात्यांच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा काटा मधोमध होता. तात्यांनी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा बॉनेटवर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि मान डोलावली. संदीपचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला, खोटं कशाला बोलू.

जीप मात्र येईना. साडी, साखर, पाहुणे, सगळं तिच्यात. फोन लागेना. शेवटी रस्त्याच्या वळणावर पांढरा ढग दिसला, ढगाच्या मागं जीप. तात्यांच्या दारात येऊन ती फुसफुसली आणि बंद पडली. अंगणभर पिठल्याचा वास.

"आता ही कुणाची?" तात्यांनी विचारलं.

"माजी," अण्णा म्हणाले.

"म्हंजी दुखणं घराण्यातलंच हाय."

कुणी हसलं नाही. अण्णांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "जीप चांगली हाय. तिचं औषध ह्या मिस्त्रीनं हिसकून घेतलं."

सगळं अंगण माझ्याकडं बघायला लागलं. मी खिशातून पुडी काढली. घामानं भिजून ती फुटली होती, आणि माझ्या एकुलत्या एका पांढऱ्या शर्टाचा खिसा पिवळाजर्द झाला होता.

अश्विनी दारात उभी राहून हे सगळं बघत होती. आत गेली आणि हळदीचा अख्खा डबा घेऊन आली.

"अण्णा, किती लागंल?"

"चमचाभर पुरंल, माय. आधी निवू दे तिला."

ती जीप निवेपर्यंत डबा धरून तिथंच उभी राहिली. मग अण्णांनी टोपण काढलं, तिनं चमचाभर हळद टाकली, वरून पाणी ओतलं. जीप चालू झाली. खालची गळती हळूहळू थांबली. पुण्याच्या वर्कशॉपमधल्या माझ्या साहेबांनी हे बघितलं असतं तर मला परत शिकाऊ केलं असतं.

तात्या लेकीकडं बघत होते. "परक्याच्या जनावराला कुणी घरचं औषध देत न्हाई," ते म्हणाले. "हिनं घर धरलं. फोडा सुपारी."

लग्न होऊन बरेच दिवस झाले. स्पोर्ट्स कार अजून तापलेली नाही. आता गरम होणारी कुठलीही गाडी आली की मी पाना उचलायच्या आधी विचारतो, ही घरी उभी असते तेव्हा हिची काळजी कोण घेतं?

जीप हळदीवरच चालू आहे. मी तिला हात लावत नाही.