कुंडी बदलणारे चौघे

फळझाडाच्या बोन्सायची कुंडी बदलणं म्हणजे तसं तासाभराचं काम. झाड उपसायचं, मुळं छाटायची, नवी माती भरायची, झाड हलू नये म्हणून तारेने बांधायचं, पाणी द्यायचं आणि थोडे दिवस सावलीत ठेवायचं. पण चार माणसं दर रविवारी एकाच गच्चीवर हे काम करायला बसली की झाडं जगतात कमी आणि किस्से साठतात जास्त! आमच्याकडे इतके साठलेत की बाहेर सांगायची पंचाईत. हसावं की गप्प बसावं, हेच ऐकणाऱ्याला कळत नाही.

गच्ची माझी, बनशंकरीतली. मी पाटील, मूळचा निपाणीचा. आमचे गुरू गणोजीअण्णा. चामराजपेटला शिवणकामाचं दुकान, चार पिढ्या याच शहरातल्या, म्हणून मराठीत निम्मं कन्नड. वसुधाअक्का निवृत्त नर्स. आणि येलहंकाहून येणारा प्रशांत, पुण्याचा, आयटीवाला.

*

सुरुवात माझ्याच पराक्रमाने करतो. अण्णांनी बजावलं होतं, मातीत विटांचा चुरा आणि जाड वाळू घाला. मी कंटाळा केला आणि मोसंबीच्या कुंडीत नुसती लाल माती दाबून भरली. वर पावसाचा जोर, म्हणून कुंडी उचलून घरात आणली, आईच्या खोलीबाहेर ठेवली. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली.

मातीतलं पाणी हलेना. मुळं आतल्या आत सडली. एका सकाळी बायको नाकाला पदर लावून ओरडली, "अहो, काहीतरी मेल्यासारखा वास येतोय!"

आतून आईचा बारीक आवाज आला, "मी नव्हे गं! मी अजून आहे!"

आम्ही दोघं पॅसेजमध्ये पोट धरून हसलो. हसता हसता बायको भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. आई त्यानंतर सतरा दिवस होती.

*

अक्का मुळं कापताना झाडाशी बोलतात. "स्वल्प दुखेल हं, सहन कर," असं म्हणतात आणि कात्री चालवतात.

प्रशांतने एकदा विचारलं, "अक्का, पेशंटशीही असंच बोलायचात का हो?"

"छे! पेशंटला म्हणायचे, अजिबात दुखणार नाही," अक्का म्हणाल्या. "झाडाशी खोटं बोलवत नाही."

*

प्रशांतच्या डाळिंबाला पाच फळं लागली होती आणि कुंडीत मुळांना जागा उरली नव्हती. पाणी घातलं की वरच्यावर वाहून जायचं. अण्णा म्हणाले, "कुंडी बदलायची तर आधी फळं काढ. कापलेल्या मुळांना ती पोसायची नाहीत."

"नो वे, अण्णा! बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत. रोज व्हिडिओ कॉलवर हीच फळं बघतात."

"मग कुंडी नंतर बदल."

प्रशांतने ऐकलं नाही. फळांसकट रिपॉटिंग केलं. दहाव्या दिवशी पानं झडली आणि फळं सुरकुतून खाली पडली. पुण्याला फोन लावायची वेळ झाली तेव्हा त्याने पाचही फळं बारीक तारेने परत फांद्यांना बांधली आणि मोबाईल जरा लांबच धरला.

त्याचे वडील कितीतरी वेळ बघत राहिले. मग मास्क बाजूला करून म्हणाले, "प्रशांत, तार जरा सैल कर. फांदीला काचेल."

तो शेवटचा कॉल.

*

अण्णांचं अंजीर एकदा आजारी पडलं. मुळं उघडी करून, ओल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून, मांडीवर घेऊन ते रिक्षाने माझ्याकडे निघाले. झाड जगतं की मरतं या काळजीने चेहरा पडलेला.

रिक्षावाल्याने आरशातून मांडीवरचं पांढरं गाठोडं बघितलं आणि रेडिओ बंद केला. खड्डे चुकवत, हॉर्न न वाजवता, सावकाश रिक्षा आणली. माझ्या दारात खाली उतरला, गाठोड्याला हात जोडले आणि डोळे पुसत अण्णांना म्हणाला, "समाधान माडिकोळ्ळी, अण्णा." धीर धरा म्हणून.

अण्णांना खरं सांगायचा धीर झाला नाही. त्यांनीही मान खाली घालून हात जोडले. गच्चीवर येऊन धपकन बसले आणि म्हणाले, "पाटील, आता हे जगायलाच पाहिजे! नाहीतर त्या माणसाचं खरं होईल."

जगलं नाही.

*

मग अण्णांचीच बायपास ठरली. आम्ही तिघं भेटायला गेलो तेव्हा डॉक्टर सांगत होते, नंतर महिनाभर उन्हात जायचं नाही, जड खायचं नाही, जास्त हलायचं नाही.

"सरी, सरी," अण्णा होकारार्थी मान हलवत म्हणाले. "म्हणजे माझं रिपॉटिंग!"

डॉक्टरांना काही कळलं नाही. आम्ही हसलो. अण्णा आयसीयूतून बाहेर आले नाहीत.

चौदावा झाल्यावर त्यांचा मुलगा टेम्पो घेऊन माझ्या दारात आला. अण्णांची सगळी झाडं गोणपाटात भरलेली. भर एप्रिलमध्ये मुळं उघडी! मी विचारलं, "अरे, कुंड्या कुठायत?"

"झाडं तुम्हाला, अंकल. कुंड्या चांगल्यायत ना, अम्माला शोकेसमध्ये पाहिजेत."

प्रशांत आणि अक्का धावत आले. दिवसभर आम्ही मिळेल त्यात झाडं लावली. बादल्या, डालड्याचे डबे, फुटका कुकर. तीस झाडांपैकी नऊ जगली. त्यांतला पेरू अजून आईस्क्रीमच्या डब्यात आहे. त्याची कुंडी बदलायची वेळ कधीच होऊन गेली, पण आमच्यापैकी कोणी हात लावत नाही.

*

अक्कांचे यजमान दत्ताभाऊ. ड्राफ्ट्समन होते, हात फार नेटका. त्यांची आठवण जायला लागली, नावं गेली, आम्ही सगळे नुसते 'साहेब' झालो. पण अक्कांचं बघून बघून कुंडी बदलणं तेवढं हातात राहिलं. अक्कांचं लिंबू ते रोज उपसायचे आणि रोज नव्याने लावायचे. आठवड्यात त्याची पानं गळाली.

मग अक्कांनी एक युक्ती केली. गॅलरीत चिकूचं एक मुळांसकट वाळून गेलेलं खोड पडलं होतं, ते कुंडीत खोचून त्यांना दिलं. दत्ताभाऊ खूष! रोज दहा वाजता अक्का कुंडी समोर आणून ठेवायच्या; मग पेपर पसरायचा, खोड उपसायचं, विणायच्या सुईने मुळं विंचरायची, माती भरायची, तार बांधायची, पाणी घालायचं. अक्का बाजूला बसून म्हणायच्या, "छान झालं हो." वर्षभर, रोज. आमच्याकडे मात्र हताश होऊन म्हणायच्या, "त्यांना वाटतं, ते जगणार आहे."

एकदा सकाळी मी त्यांच्या घरी गेलो होतो. दत्ताभाऊंचं काम उरकलं, "छान झालं हो" म्हणून झालं आणि अक्का चहा टाकायला आत गेल्या. दत्ताभाऊंनी मातीने भरलेल्या बोटाने मला जवळ बोलावलं.

"साहेब, हिला सांगू नका," ते हळूच म्हणाले. "हे झाड कधीच मेलंय."

मी विचारलं, "मग रोज का लावता?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"ती रोज आणून देते हो. तिला अजून आशा आहे."