चाकातला वारा

आमच्या उत्सव समितीने कुसुमताई मुळ्ये यांना घरी बसवायचं ठरवलं ते त्यांच्या पायामुळे, असं सगळे सांगतात. मी सांगत नाही. पाय हे निमित्त होतं. ती बाई कुणाच्या बापाला जुमानत नव्हती, हे खरं कारण.

गणपतीपुळ्याच्या गाड्या ज्या फाट्यावरून पुढे निघून जातात, तिथून खाली उतरलं की आमचं गाव. देऊळ लक्ष्मीनारायणाचं. माघात उत्सव असतो आणि उत्सवात गावकऱ्यांनीच बसवलेलं संगीत नाटक होतं. मुंबईला नोकरी करणारे रजा टाकून येतात, तोंडाला रंग लावतात आणि राजे-प्रधान होतात. मी उन्मेष, इथल्या शाळेत मास्तर. गळा बरा आहे आणि लांबलचक भाषणं पाठ करायला दुसरा कोणी तयार नसतो, म्हणून मी कायमचा नायक.

या नाटकाला साथ ऑर्गनची. शिसवी पेटी, खाली दोन पायडलं. दोन्ही पायांनी आळीपाळीने दाबत राहायचं, म्हणजे पोटातल्या भात्यात वारा भरतो आणि वर सूर बोलतात. पाय थांबले की सूर मेला. म्हणून आमच्याकडे रिवाज आहे की नाटकाआधी समितीच्या अध्यक्षाने पायडलांपुढे नारळ ठेवायचा. त्याला वाऱ्याचा मान म्हणतात. नाटक संपलं की वाजवणाऱ्याने तो उचलून घरी न्यायचा. मानपानावरून आमच्या गावात भावाभावांची तोंडं बंद झालेली आहेत, तेव्हा या नारळाला कमी लेखू नये.

हा नारळ कुसुमताईंचे वडील आप्पा नेत, आणि त्यांना दम्याने धरल्यावर कुसुमताई नेऊ लागल्या. तेव्हा त्या पंचविशीच्या असतील. पहिल्याच वर्षी कुरकुर झाली की पायडल मारताना मुलीचे घोटे दिसतात. पुढच्या वर्षी बाई नऊवारी नेसून आल्या आणि पोटऱ्यांपर्यंत पाय मोकळे सोडून वाजवायला बसल्या. मग कोणी बोललं नाही. नोकरी त्यांनी रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या, याचा फोन त्याला जोड आणि त्याचा याला. एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं तशा त्या गावातल्या घरी येऊन राहिल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्याला त्या म्हणत, तुमचं झालंय ना, मग तुम्ही सुखी असाल.

दोन हजार चारच्या पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. त्यावरून त्या घसरल्या आणि मांडीचं हाड खुब्याशी मोडलं. आत सळई घातली. डॉक्टरांनी काठी दिली आणि बजावलं की ऑर्गनला पाय लावायचा नाही.

दिवाळीत समितीची बैठक झाली. अध्यक्ष राजाभाऊ मुळ्ये, हापूसच्या बागांचे मालक आणि कुसुमताईंचे सख्खे चुलतभाऊ. माणूस वाईट नाही, पण एकदा बोलला की ब्रह्मदेवाच्या बापाला ते फिरवता येत नाही. त्यांनी मुंबईहून एक सीडी आणली होती. नाटकातल्या सगळ्या पदांची साथ त्यात भरलेली. मांडववाला धाकू बटण दाबेल आणि आपण गायचं. कुसुमला पहिल्या रांगेत मऊ खुर्ची देऊ, म्हणाले.

मी भडकलो. गाणारा एखाद्या सुरावर रेंगाळला तर साथ करणारा त्याच्यासाठी थांबतो. सीडी कोणासाठी थांबणार? ती पुढे जाणार आणि मी मागून धावणार, एसटी चुकलेल्या माणसासारखा. मी हे सगळं बैठकीत बोललो. राजाभाऊंनी ऐकून घेतलं आणि पुढचा विषय मंडपाच्या कनातींचा घेतला.

हातपेटी घ्यावी असं मी कुसुमताईंना सुचवून पाहिलं. हातपेटीत उजवा हात सुरांवर आणि डावा भात्यावर, पायांचं काम नाही. त्या म्हणाल्या, पेटी भजनाला बरी, पण तिला एकच आवाज. ऑर्गनमध्ये तीन-चार आवाज एकाच वाऱ्यावर फुलतात आणि एकाच वाऱ्यावर मिटतात. ते पाहिजे. मग मला घरात बोलावून त्यांनी टेबलावरचा पडदा बाजूला केला. त्यांचा भाचा यज्ञेश मुंबईत मालिकांना संगीत देतो. नवीन सामान घेतल्यावर त्याने जुना कॉम्प्युटर आणि एक छोटा कीबोर्ड आत्याकडे आणून टाकला होता. वाद्यं म्हणून त्या कॉम्प्युटरमध्ये होती ती सगळी सॉफ्टवेअरची. लाकूड नाही, कातडं नाही. एक ऑर्गनसारखं बोले, एक पाव्यासारखं आणि एक तंबोऱ्यासारखं. पट्टी दाबली की तिन्ही एकदम वाजत.

कीबोर्डच्या डाव्या कडेला अर्धं बाहेर आलेलं एक चाक होतं. बोटाने वर ढकलायचं, खाली ओढायचं. त्या चाकाचा हुकूम तारेतून आत जाई आणि तिन्ही वाद्यं तो आपापल्या मर्जीने पाळत. पहिल्याचा सूर थरथरे, दुसऱ्याचा आवाज टोकदार होई, तिसरं ढिम्म.

कुसुमताई म्हणाल्या, "एकाच लाइनीवर तीन गिऱ्हाइकं आहेत आणि तिघं तीन भाषांत बोलतायत. जोडणी चुकलीय, दुसरं काही नाही."

पुढचे दिवस त्या यज्ञेशला फोन लावून बसत. चाक कुठे जोडायचं ते प्रत्येक वाद्याला वेगळं सांगता येतं, असं त्याने शिकवलं. बाईंनी जोडण्या बदलल्या. ऑर्गनची थरथर काढून टाकली आणि चाकाला त्याचा आवाज लहानमोठा करायला लावलं. पाव्याला आवाज तेवढाच ठेवून फक्त धार चढवायला सांगितलं, तीही अर्धीच. आणि तंबोऱ्याला उलटा जोडला. चाक वर गेलं की तो मागे सरे, खाली आलं की पुढे येई. म्हणजे ऑर्गन मिटला तरी गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन जात नसे. एका बोटावर तीन वाद्यं. मी गाऊन पाहिलं आणि मला बरं वाटलं.

मग देवळात पहिली तालीम झाली आणि आमची अब्रू गेली.

डावा हात चाकावर ठेवल्याबरोबर कुसुमताईंनी ते हाकायला सुरुवात केली. वर, खाली, वर, खाली, भाता हाकावा तसं. त्यांच्या अंगातच ते होतं. आधी आप्पांच्या हातपेटीवर डाव्या हाताने वारा भरला, मग जन्मभर पायांनी. वारा न भरता सूर निघतो यावर त्या शरीराचा विश्वासच बसेना. चाक मात्र भाता नव्हतं. ते वर की ऑर्गन मोठा, खाली की बंद. माझं पद असं निघालं की जणू कोणी माझ्या तोंडावर हात ठेवतंय आणि काढतंय. प्रधान हसला, दासी हसल्या, मलाही हसू आवरेना. राजाभाऊ तेवढे हसले नाहीत. "पडलो तरी नाक वर," एवढंच म्हणाले, आणि धाकूला सीडी लावायला सांगितली.

त्या संध्याकाळी यज्ञेशने फोनवर समजावलं की आत्या, चाक जिथे सोडशील तिथेच राहतं, ते हाकायचं नसतं, हाताला हळू फिरवायची सवय लाव. मी तिथेच बसलो होतो. बाई ऐकून घेत होत्या आणि त्यांचा चेहरा लाल होत चालला होता.

"सवय मी नाही बदलणार," त्या म्हणाल्या. "हा हात शिकलेला आहे. तुझं चाक अडाणी आहे. त्याला शिकव."

असं कोणी करत नाही, असं तो म्हणाला असावा. कारण बाई म्हणाल्या की टेलिफोनवर मुलगी बसत नाही असंही म्हणत असत. मग त्यांनी त्याला काय हवं ते नीट सांगितलं. चाक हललं की वारा भरला पाहिजे. थांबलं की वारा हळूहळू गळला पाहिजे. जोरात हाकलं तर जास्त, सावकाश हाकलं तर कमी. आणि हात काढला तर ऑर्गन मेला पाहिजे.

यज्ञेशचा आवाज मला रिसीव्हरबाहेर ऐकू आला. "आत्या, ज्या कष्टातून सुटायला लोक यंत्र घेतात, तेच कष्ट तू परत मागतेयस."

"होय. मागतेच आहे."

पोरगा आत्याचाच भाचा. त्याने मुंबईतल्या एका मित्राच्या मागे लागून छोटासा प्रोग्राम लिहून घेतला आणि बसने पाठवून दिला. चाक आणि ती तीन वाद्यं यांच्या मधे तो बसायचा, पोटातल्या भात्यासारखा. बाईंनी चाक हाकलं, सूर फुलला आणि हलला नाही. थांबवलं, सूर हळूहळू उतरला आणि खालून तंबोरा वर आला. त्या एका जागी बसून नुसतं भरत आणि सोडत राहिल्या, किती वेळ ते मी पाहिलं नाही. डोळ्यांना पदर लावला तेव्हा मी उठून बाहेर ओटीवर गेलो.

एवढं झाल्यावर राजाभाऊ विरघळले असतील असं कोणाला वाटत असेल तर त्याने मुळ्यांचं घराणं पाहिलेलं नाही. आम्ही नाटकमंडळी हट्टाला पेटलो. कुसुमताई नाहीत तर नायक नाही, असं मी तोंडावर सांगितलं. तेव्हा ते एवढ्यावर आले की बसू दे तिला, पण सीडी धाकूच्या हाताशी राहील. ती अडखळली की मी मान हलवीन आणि त्याने बटण दाबायचं.

आणि उत्सवाच्या दिवशी त्यांनी नारळ ठेवला तो कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या ऑर्गनच्या पायडलांपुढे. कुसुमताई दुसऱ्या कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडून बसल्या होत्या. सगळा मंडप बघत होता.

"राग मानू नकोस गो कुसुम," राजाभाऊ म्हणाले. "मान वाऱ्याचा असतो. विजेचा नसतो."

"बरं," कुसुमताई म्हणाल्या आणि काठी खुर्चीखाली सरकवली. मला तोंडाला रंग लावलेल्या अवस्थेत त्या माणसाच्या अंगावर जावंसं वाटलं. प्रधानाने माझा शेला धरून ठेवला.

दोन अंक नीट झाले. लोक पदांना दाद देत होते आणि साथ कशातून येते याची कोणाला फिकीर नव्हती. तिसऱ्या अंकात राजा एकटा उरतो आणि त्याचं मोठं पद येतं. मी त्या दिवशी इरेला पेटलो होतो. सीडीला जमणार नाही एवढा वरचा सूर धरायचा, असं ठरवूनच आलो होतो. धरला. कुसुमताईंनी चाक हाकून माझ्यामागे सगळा वारा उभा केला. मी आणखी ताणला, आणि तिथेच गळा धरला. सूर तुटला. तोंड उघडं आणि आवाज नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. धाकूचा अंगठा बटणावर गेला आणि तो राजाभाऊंकडे बघू लागला. राजाभाऊ विंगेत, कुसुमताईंच्या अगदी मागे उभे होते.

कुसुमताईंनी हात एकदम काढला नाही. चाक सावकाश केलं. ऑर्गन दमल्यासारखा उतरला, पाव्याची धार गेली आणि खालून तंबोरा भरून आला. राजा शोक अनावर होऊन गप्प झाला आहे, असंच मंडपाला वाटलं असणार, कारण पुढच्या रांगेतल्या मैनाकाकूंनी डोळे पुसले. मी खाली बसलो, दोन आवंढे गिळले. बाई थांबल्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या, माझ्या छातीकडे, ती कधी भरतेय ते. ती भरू लागली तसं त्यांनी पुन्हा हाकायला घेतलं, आधी हळू, मग खांद्यातून. त्यांच्या पोलक्याची पाठ घामाने भिजली होती. सूर मला न्यायला आला आणि मी त्याच्याबरोबर उठलो.

राजाभाऊंनी मान हलवली नाही. पुढे धाकूने मला सांगितलं, ते धाकूकडे बघतच नव्हते. कुसुमताईंच्या डाव्या हाताकडे बघत होते.

पडदा पडला. आरती झाली. राजाभाऊ झाकलेल्या ऑर्गनपाशी गेले, वाकले, नारळ उचलला आणि मंडप ओलांडून आमच्या कोपऱ्यात आले. इथपर्यंत आले आणि अडले. कीबोर्डखाली टेबलाचे पाय आणि वायरींचा गुंता, पायडलं कुठली असणार?

"नारळ नाटकाआधी ठेवतात, राजा," कुसुमताई म्हणाल्या.

"होय."

"पुढल्या वर्षी आधी ठेव."

"ठेवीन. आता हा कुठे ठेवू ते सांग. वाऱ्यापुढे ठेवायचा असतो."

कुसुमताईंनी डावा हात पुढे केला. बोटं सुजली होती आणि अंगठ्याजवळ चाकाने कातडं सोललं होतं. तो त्यांनी लपवला नाही. राजाभाऊंनी दोन्ही हातांनी नारळ त्या तळव्यावर ठेवला.