मातृभाषेचा रकाना

शाईचा आंबूस वास आला की देऊळघाटची ती म्हातारी समोर उभी राहते. मी कोकणातला मास्तर, खानेसुमारीचं काम गळ्यात पडलेलं. आमच्या वाडीत सगळे एकाच आडनावाचे, ओटीवर बसून मोजता आले असते. इथे देऊळघाटात एकाच गल्लीत तेली, मोमीन, बंजारा, मारवाडी. मी शहाणपणा केला आणि यादीतली नावं बघून मातृभाषेचे रकाने माझ्या घरी बसूनच भरून टाकले. म्हातारीला वाचून दाखवलं, "मातृभाषा उर्दू." तिने ज्वारी पाखडायचं सूप आपटलं. "कोनं सांगतलं तुमाले, मास्तर? माही माय याच बोलीत रडली अन् याच बोलीत मेली. मले इचारलं काऊन नाही?" मी ओशाळून तिथल्या तिथे 'मराठी' केलं. कचेरीत साहेब फिसकन हसले. "नाव मुसलमानी अन् भाषा मराठी? खोडा ते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्या धगधगत्या मस्तकानिशी मी मुकाट्याने 'मराठी' खोडून 'उर्दू' लिहिलं. पुढे बाजारात ती भेटली. "लिवलं तसंच ठेवलं ना, मास्तर?" मी छातीठोकपणे म्हणालो, "हाव." तिने पदरातली मूठभर बोरं माझ्या हातावर ठेवली. मी ती तिथेच खाल्ली. गोड होती, आणि त्या गोडीनेच आजही माझं पित्त खवळतं.