गुलाल लावलेला फोटो

साताऱ्याच्या स्टेशनावर आईने खिडकीतून माझा हात धरला आणि म्हणाली, "परमुलखात चाललीस. कुणाच्या अध्यात-मध्यात पडू नकोस." गाडी हलली तरी हात सोडेना. नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि ह्यांची रेल्वेत लखनौला बदली झाली होती.

इथून मी साताऱ्याला तुम्हा सगळ्यांना पानंच्या पानं पत्रं लिहिली. माझ्या हिंदीला सब्जीवाला हसतो, मुलं घरातही हिंदीतच उत्तर देतात, मी इथे परकी. वाचून तुम्ही हळहळलात. मलाही तशी हळहळ हवीच होती म्हणा. एक गोष्ट मात्र मी कधी लिहिली नाही, ती आज लिहिते.

आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये थंगा राहायचा. मिझोरमचा, ह्यांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. अख्खी कॉलनी त्याला तोंडावर नेपाली म्हणायची. अमीनाबादच्या बाजारात गेला की पोरं मागून काहीबाही ओरडायची, तो हसून सोडून द्यायचा. आमच्या दीड दिवसाच्या गणपतीत तो माझ्या मुलांपेक्षा जोरात टाळ्या वाजवायचा. एका वर्षी विसर्जनाला गोमतीवर जाताना आपल्या रीतीप्रमाणे सगळ्यांना गुलाल फासला. थंगा तर ओळखू येईना. ह्यांनी फोटो काढला, मधोमध पाटावरचा गणपती, शेजारी थंगा, भोवती आम्ही.

त्याच दुपारी, आम्ही नदीवर असताना, कॉलनीतल्या एका साहेबांच्या बंगल्यात चोरी झाली. कुणीतरी सांगितलं, नेपाळ्यासारखा माणूस दिसला. पोलिसांनी थंगाला उचललं. दोन दिवसांनी सोडलं तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं सुजून वांग्यासारखी झाली होती. त्याच हाताने तो नकाशे काढायचा. ऑफिसातल्या लोकांनी तक्रार केली आणि मारहाणीची चौकशी लागली.

चौकशीच्या आधी एका हिंदी पेपरचा बातमीदार आमच्याकडे आला. बोलायला मोठा गोड. मी त्याला पोहे दिले आणि उत्साहाने तो फोटोही दिला. म्हटलं, बघा, चोरी झाली तेव्हा हा आमच्यासोबत होता, हे छापा. त्यांनी छापला. कापून, नुसता थंगाचा चेहरा. काळ्या-पांढऱ्या छपाईत गुलालाचं काजळ झालं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'नशे में धुत संदिग्ध', म्हणजे दारू ढोसलेला संशयित. साताऱ्यातलं शेंबडं पोरही तो गुलाल ओळखेल. लखनौत भाद्रपदात रंग कोण खेळतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

चौकशीला मी अख्ख्या फोटोची दुसरी प्रत काढून घेऊन गेले. हे नको म्हणत होते, तरी गेले. अधिकाऱ्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"महाराष्ट्र से हैं? बड़े अच्छे लोग होते हैं. बिल्कुल अपने जैसे."

थंगा माझ्या शेजारी उभा होता, हाताला प्लास्टर. त्याला विचारलं, "तुम किस मुल्क के हो?"

"हिंदुस्तान का, सर."

"वो तो ठीक है. असल में कहाँ के हो?"

मी उठायला हवं होतं. निदान म्हणायला हवं होतं की त्यालाही बसू द्या. मी चहा प्यायले.

एका शिपायाची बदली झाली. पेपरने आतल्या पानावर दोन ओळींत थंगा निर्दोष असल्याचं छापलं, त्या ओळींसोबत फोटो नव्हता. लोक त्या कापलेल्या चेहऱ्यावरूनच त्याला ओळखत राहिले. पानवाला त्याच्याकडे बघून शेजाऱ्याला डोळ्याने खुणावायचा. महिन्याभरात त्याने गुवाहाटीला बदली मागून घेतली. निघताना म्हणाला, "भाभी, फोटो तो आपने अच्छे मन से दिया था." तो चिडला असता तर मला झोप लागली असती.

पुढे आम्ही गणपतीत गुलाल आणणं बंद केलं. मुलांनी कारण विचारलं नाही, त्यांना ते माहीत होतं. तो चेहरा मात्र गेला नाही. रद्दी बांधताना, पेपरात कुणाचाही फोटो बघताना अजून समोर येतो.

तुम्ही फोनवर विचारता, तिकडे करमतं का, घरी कधी येणार. मी काय सांगू? इथले लोक आता मला अपनी म्हणतात. खरं तर त्या दिवशी, थंगा उभा असताना खुर्चीत बसून चहा पिताना, मी इथली झाले. आणि खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला ते बरं वाटलं होतं.